मॅडमचं सोवळं

आमच्या मॅडमकडे दोन चष्मे होते. एक काळ्या काड्यांचा, एक लाल काड्यांचा. नंबर दोन्हींचा सारखाच. सकाळी नागपूरच्या आमच्या संशोधन संस्थेच्या व्हरांड्यात त्या दिसल्या की आम्ही विद्यार्थी नमस्कार करायच्या आधी त्यांच्या नाकाकडे बघायचो. लाल चष्मा असला तर मॅडम आज क्लोनच्या खोलीत. काळा असला तर फेजच्या खोलीत, आणि मग दुसऱ्या दिवशी आंघोळ करून येईपर्यंत क्लोनच्या खोलीचं दार त्यांना बंद. हे दार दुसऱ्या कुणी बंद केलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच स्वतःला बंद केलं होतं.

नव्या माणसाला वाटायचं, बाईंना नटायची हौस दिसते. ज्यांनी उभ्या जन्मात पावडरचा डबा विकत घेतला नसेल त्यांच्याबद्दल कुणाला असं वाटावं, याचं आम्हाला फार हसू यायचं.

मी बुटीबोरीची. बाबा तिथल्या एका कापडाच्या कारखान्यात पाळीवर. एम.एस्सी.ला मी पहिली आले होते, त्यामुळे मॅडमकडे पीएच.डी.साठी गेले तेव्हा नाक जरा वरच होतं. त्यांनी विचारलं, फेज म्हणजे काय. मी पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "आता तुह्या मायले सांगशील तसं सांग." मला सांगता येईना. एवढी सुवर्णपदक मिळवलेली मी, खुर्चीत बसून टेबलाच्या कडेचा सनमायका उकलत राहिले.

मग त्यांनीच सांगितलं. जंतूलाही रोग होतो. ज्या विषाणूमुळे जंतूला रोग होतो तो फेज. तो जंतूच्या आत शिरतो, त्याच्याच घरात, त्याच्याच दाण्यापाण्यावर आपली पिल्लावळ वाढवतो आणि घर फोडून बाहेर पडतो. माणसाच्या अंगाला हात लावत नाही. अशा फेजमधला एखादा कामाचा जनुक कापून काढायचा आणि एखाद्या गरीब स्वभावाच्या जंतूत बसवायचा, म्हणजे तो जंतू आपल्यासाठी तेच काम करत बसतो, वाढत बसतो. त्याचं नाव क्लोनिंग. "म्हणजे एका खोलीत जंतू मारायचे आन् दुसऱ्या खोलीत जंतू पोसायचे," त्या म्हणाल्या. "आता सांग, मारणारा जर पोसणाऱ्याच्या घरात गेला तर काय होईल?"

काय होईल हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी तीच गोष्ट सांगायच्या.

त्या तरुण होत्या तेव्हाची गोष्ट. मारायचं आणि पोसायचं, दोन्ही कामं एकाच मजल्यावर, कुणी कुठूनही कुठंही जावं अशी चालायची. मॅडम मूळच्या कामठीच्या. वडील पॉवरलूमवर होते, ते कानाला विडी खोचायचे. लेक कानाला पेन खोचायची. फेजच्या प्लेटा, म्हणजे जंतू पसरलेल्या चपट्या काचेच्या बशा, बघत त्या पेनानं लिहायचं, तोच पेन कानाला लावायचा आणि तसंच उठून दुसऱ्या खोलीत जायचं. एका सकाळी सगळे आले तर रात्रभर वाढत ठेवलेले फ्लास्क पाण्यासारखे नितळ. जंतू वाढले की फ्लास्कमधलं पाणी ताकासारखं गढूळ होतं. आमच्या धंद्यात गढूळ ते जिवंत आणि नितळ ते मेलेलं. त्या सकाळी अख्ख्या मजल्यावर एकही गढूळ फ्लास्क नव्हता. शेजारच्या टेबलावर एक सहकारी होते, त्यांची पदवी त्या जंतूंवर उभी होती. ते डोक्याला हात लावून बसले.

कुणी पाण्याला दोष दिला, कुणी विजेला, कुणी नव्या आलेल्या रसायनाच्या बाटलीला. मॅडमनी मात्र आपला पेन एका परीक्षानळीत धुतला आणि ते धुवण निरोगी जंतूंच्या प्लेटवर ओतलं. दुसऱ्या दिवशी प्लेटवर भोकंच भोकं, कसर लागलेल्या लुगड्यासारखी. शनिवारच्या बैठकीत त्या ती प्लेट घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी केलं. माह्या पेनानं."

मॅडमची गोष्ट इथंच संपायची. पुढचं आम्हाला इतरांकडून कळलं. त्या बोलल्या नसत्या तर कुणाला काही कळलं नसतं, आणि नोकरीत त्या तेव्हा अजून पक्क्याही झालेल्या नव्हत्या. त्या सहकाऱ्याचं काम पुन्हा उभं राहीपर्यंत त्यांनी स्वतःचं संशोधन फडताळात ठेवलं, आणि त्याच्या जंतूंना रोज खाऊपिऊ घातलं. त्या गृहस्थांनी पुढं बरीच वर्षं त्यांच्याशी अबोला धरला, तोही त्यांनी बिनतक्रार सोसला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मॅडमनी तर ताकाचं भांडंच वेगळं केलं. दोन खोल्या व्हरांड्याच्या दोन टोकांना. दोन्हीकडे पेन टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेले, बँकेतल्यासारखे. चपलांचे दोन जोड, दोन ॲप्रन, चहाचे दोन कप, आणि ते दोन चष्मे. सकाळी क्लोनच्या खोलीतून फेजच्या खोलीत गेलं तर चालायचं. फेजच्या खोलीतून क्लोनच्या खोलीत जायचं नाही. एकदा तिकडे पाय ठेवला की तो दिवस तिकडचा. घरी जायचं, डोक्यावरून आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे आणि दुसऱ्या दिवशी यायचं.

या सगळ्याला त्या 'सोवळं' म्हणायच्या. तो शब्द त्या चवीनं उच्चारायच्या. त्यांचे आजी-आजोबा दीक्षा घ्यायला कामठीहून नागपूरपर्यंत पायी आले होते, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांच्या तोंडून हा शब्द आला की काही जुनी मंडळी चहाच्या कपात बघायची. ती कपात का बघतात हे मॅडमना पक्कं कळायचं, आणि मग त्या आणखी एकदा म्हणायच्या, "आज सोवळ्यात आहो मी, बाजूले व्हा जरा."

बोलणं कुठंही गेलं तरी कामठीचंच. नागपूरकडच्या बायका म्हणतात तसं 'मी येतो, मी जातो'. चर्चासत्रात इंग्रजीत सुरू करायच्या, रंगात आल्या की गाडी हळूहळू आपल्या रुळावर यायची, आणि शेवटी एखाद्या दिल्लीच्या पाहुण्याला "ते कसं आहे ना सर, हा जो फेज आहे, हा लय बदमाश आहे" असं ऐकावं लागायचं. पाहुण्यांना न कळूनही कळायचं.

नाग नदीवर मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले तो दिवस विसरता येत नाही. नाग नदी आता नावाची नदी. पुलावरून जाणारे लोक नाकाला रुमाल लावून जातात. मॅडमनी स्कूटर कठड्याला लावली, दोरी बांधलेली छोटी बादली डिकीतून काढली, आणि विहिरीतून पाणी शेंदावं तशी ती खाली सोडली. वास जितका वाईट तितका त्यांचा चेहरा खुलायचा. जिथं घाण तिथं जंतू, आणि जिथं जंतू तिथं त्यांचा काळ, हे त्यांचं साधं गणित होतं. वाहतुकीच्या हवालदारानं येऊन विचारलं, बाई, काय हरवलं. मॅडम म्हणाल्या, काही हरवलं नाही गा भाऊ, शोधून राहिली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

जगभरात फेजना अक्षरं आणि आकडे देतात. मॅडम गावांची, वस्त्यांची नावं द्यायच्या. जिथलं पाणी तिथलं नाव. नंदनवन, मोमीनपुरा, आणि सगळ्यात पहिला कामठी. परदेशातल्या एका परिषदेत एका गोऱ्या शास्त्रज्ञानं आपल्या भाषणात 'कामठी'चा उल्लेख केला. उच्चार धड नव्हता, तरी केला. मॅडम परत आल्यावर आठवडाभर ज्याला त्याला तेच सांगत होत्या. माझे वडील मागावर बसून बहिरे झाले, त्यांच्या गावाचं नाव त्या माणसानं माईकवर घेतलं, असं म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे नावांचं प्रकरण गमतीचं नाही.

मग माझी पाळी आली. आमच्या वस्तीमागच्या नाल्यातलं पाणी मी एका रविवारी बाटलीत भरून आणलं, आणि त्यात एक असा फेज सापडला की जो दवाखान्यांतल्या एका निगरगट्ट जंतूला खायचा. औषधांना दाद न देणारा जंतू, आणि आमच्या नाल्यातला हा पठ्ठ्या त्याची भिंत फोडून आत शिरायचा. मॅडमनी प्लेट उजेडात धरली आणि म्हणाल्या, "बुटीबोरी." झालं बारसं. बाबांनी कारखान्यात पाळीवरच्या सगळ्यांना सांगितलं, की आमच्या पोरीनं बुटीबोरी नावाचा विषाणू काढला. त्यानंतर बरेच दिवस जेवणाच्या सुट्टीत कुणी त्यांच्या डब्यातली भाजी घेतली नाही.

त्या बुटीबोरीतला भिंत फोडणारा जनुक काढून साध्या जंतूत बसवणं, हे माझं काम ठरलं. सांगायला एक वाक्य लागतं, करताना माझी उमेदीची वर्षं गेली. जनुक नीट बसला की जंतूची वसाहत पांढरी येते, नाही बसला तर निळी. माझ्या प्लेटा निळ्या यायच्या. पुन्हा करायचं, पुन्हा निळ्या. घरी लग्नाचं बघायला लागले होते, आणि मी मनातल्या मनात हो म्हणून टाकायच्या बेताला आले होते.

आणि एका सकाळी निळ्या ठिपक्यांच्या गर्दीत पांढरे ठिपके दिसले. मी ओरडलेच. मॅडम व्हरांड्यातून धावत आल्या आणि दाराबाहेर थबकल्या. नाकावर काळा चष्मा होता. सकाळी लवकर येऊन त्या फेजच्या खोलीत जाऊन आल्या होत्या. मी म्हटलं, मॅडम, एक मिनिट या ना, कुणी बघत नाहीये. दाराला काचेची एक खिडकी आहे, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि प्लेट वर धरायला सांगितली. अजून वर. उजेडाकडे. मी आतून काचेला प्लेट लावली आणि त्या बाहेरून नाक लावून बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून वाहत होते. त्यांनी बोटाच्या पेरानं काचेवर दोनदा टकटक केलं. ज्या क्षणाची त्या माझ्यापेक्षाही जास्त वाट बघत होत्या तो त्यांनी काचेतून बघितला. नियम दुसऱ्याला कुणीही लावील, त्यांनी तो स्वतःला लावून दाखवला. मला त्या दिवशी त्यांचा जो अभिमान वाटला तो आजतागायत उतरलेला नाही.

यानंतर वर्षाच्या आत ती समिती आली.

आमचे संचालक नवे होते. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. त्यांचं म्हणणं, नाल्यातलं पाणी आणून फेज शोधणं ही जुनी पद्धत झाली. आमच्या दोन्ही खोल्या मोकळ्या झाल्या तर तिथं जनुक वाचणारं मोठं यंत्र बसवता येईल. लॅब ठेवायची की बंद करायची हे ठरवायला दिल्लीहून समिती बोलावली होती. बंद झाली असती तर मॅडमचे आयुष्यभर जमवलेले फेज कुठल्या कुठं गेले असते, आणि माझा क्लोन अर्ध्यावर राहिला असता. त्या आठवड्यात क्लोनच्या खोलीत मोठाले फ्लास्क लावलेले होते. त्यांतूनच आम्ही पहिल्यांदा ते भिंत फोडणारं प्रथिन काढणार होतो, दवाखान्याच्या जंतूवर लावून बघण्याइतकं.

कार्यक्रम मॅडमनी नीट आखून दिला होता. आधी क्लोनची खोली, मग फेजची. पण समितीचं विमान उशिरा आलं आणि संचालकांनी ऐनवेळी क्रम फिरवला, कारण फेजची खोली जिन्याजवळ पडते. मॅडमनी त्यांना तिथंच सांगितलं, की हे आधी बघितलं तर ते आज बघता येणार नाही. संचालक हो हो म्हणाले. त्यांना वाटलं, बाई आपलं म्हणायचं म्हणून म्हणतात.

समितीचे अध्यक्ष वयानं मोठे, नावाजलेले. बोलणं हिंदीत आणि इंग्रजीत. फेजच्या खोलीत ते चांगलेच रमले. प्लेटा हातात घेऊन बघितल्या, बादली आणि दोरी बघितली, सुतळीचा पेन बघून त्याचं कारण विचारलं. मॅडमनी त्यांनाही पहिल्या दिवशीची गोष्ट सांगितली, 'मी केलं'पर्यंत. मग सगळी मंडळी व्हरांड्यातून क्लोनच्या खोलीकडे निघाली. मी आत होते, सकाळपासून आतच होते. काचेतून मला दिसलं, मॅडम भरभर पुढं आल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

संचालक म्हणाले, मॅडम, पाहुणे आहेत. मॅडम म्हणाल्या, पाहुणे आहेत म्हणूनच हात जोडून सांगतो, आज नाही, उद्या. आंघोळ करून, कपडे बदलून या. आतले फ्लास्क गेले तर या पोरीचं काम गेलं. संचालकांचा चेहरा बघवत नव्हता. समितीत पुण्याकडचे एक प्राध्यापक होते. त्यांनी वातावरण हलकं करायला हसत म्हटलं, "अहो मॅडम, हे म्हणजे सोवळं-ओवळंच झालं की."

त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. पण व्हरांड्यात ज्यांना माहीत होतं, त्यांच्या हातात बघायला चहाचे कप नव्हते.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हो सर, सोवळंच आहे. फरक एवढाच, की माह्या आजीले विहिरीवरून हाकललं तेव्हा कोणी कारण नाही सांगितलं. मी कारण सांगून राहिली. आन् पहिले सोताले थांबवलं."

अध्यक्षांना मराठी येत नव्हतं. त्यांनी पुण्याच्या प्राध्यापकांना विचारलं, काय म्हणाल्या. आता ते त्यांना इंग्रजीत सांगणं भाग होतं. त्यांनी सांगितलं. सुरुवात जरा जोरात केली, शेवटाकडे आवाज अगदी खाली गेला. अध्यक्षांनी मॅडमकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, म्हणजे आज तुम्हीही आत जाणार नाही? मॅडमनी मान हलवली, नाही. अध्यक्ष वळले आणि चालू लागले. बाकीचे त्यांच्या मागून गेले.

संचालक मागं राहिले. ते चिडलेले नव्हते, थकलेले दिसत होते. म्हणाले, "उद्या लॅबच राहिली नाही, तर त्या खोलीत कोण गेलं आणि कोण नाही, याला काय अर्थ आहे मॅडम?"

"आज ते आत गेले असते सर," मॅडम म्हणाल्या, "तर उद्या ठेवायसारखं काय राहिलं असतं?"

दुपारी समितीच्या जेवणाला मॅडम गेल्या नाहीत. मागच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, डबा न उघडता. मी काम आवरून त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला वाटलं होतं, त्या काहीतरी खमकं बोलतील आणि मला धीर येईल. त्या म्हणाल्या, "घाबरली काय वं? मी बी घाबरली. पण घाबरून दार थोडीच उघडता येते." मग डबा उघडला, अर्धी भाकर मला दिली, आणि फ्लास्क हलवायची वेळ झाली म्हणून मला पिटाळलं.

संध्याकाळच्या विमानानं समिती परत जाणार होती, आणि गेलीही. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम लाल चष्मा लावून आल्या, रोजच्यासारख्या. आम्ही दोघी क्लोनच्या खोलीच्या दाराशी चपला बदलत होतो तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अध्यक्ष एकटेच वर येत होते. केस ओले, अंगात इस्त्रीचा पांढरा कुडता, पायात अतिथिगृहातल्या रबरी सपाता. ते एकटे मागं राहिले होते. दाराबाहेरच्या स्टुलापाशी ते थांबले. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, फोन ठेवला, आणि शेवटी खिशातला पेन काढून स्टुलावर ठेवला. मॅडमनी विचारलं, आंघोळ? ते म्हणाले, सर पे से.

मॅडमनी दार उघडलं.

फ्लास्क छान गढूळ झालेले होते. अध्यक्ष सकाळभर आत होते. माझ्या प्लेटा, माझी मोजमापं, सगळं बघितलं, आणि मला असे आडवेतिडवे प्रश्न विचारले की तोंडी परीक्षा त्यापुढं सोपी गेली. निघताना त्यांना टिपण करायचं होतं. पेन बाहेर राहिलेला. मग टेबलाच्या पायाला बांधलेल्या पेनानं, सुतळी आखूड म्हणून कमरेत वाकून, त्यांनी लिहिलं. एवढा मोठा माणूस ओणवा होऊन लिहितोय आणि मॅडम लाल चष्म्यातून समाधानानं बघतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लॅब राहिली. यंत्र आलं, ते दुसऱ्या मजल्यावर बसलं, आणि पुढं आमचे फेज वाचायला त्याचा फार उपयोग झाला हेही सांगायला हवं. त्या फ्लास्कांमधून निघालेल्या प्रथिनानं प्लेटवरच्या निगरगट्ट जंतूच्या भिंती फोडल्या. रोग्यापर्यंत पोचायला अजून पुष्कळ वाट चालायची आहे. पण पहिलं पाऊल बुटीबोरीच्या नाल्यातलं आहे, आणि हे मी कुठंही, कुणापुढंही सांगते.

मॅडम आता निवृत्त आहेत, नंदनवनला राहतात. लॅब माझ्याकडे आहे. दोन खोल्या, सुतळीचे पेन, सगळं तसंच. चष्मे मात्र मला दोन परवडले तरी जमत नाहीत, मी एकाच्या काड्यांना रंगीत पट्टी लावते. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मी पेनाची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. मॅडमच म्हणायच्या, नाव कायले, गोष्ट ध्यानात राहिली पाहिजे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी क्लोनच्या खोलीत होते, एक फ्लास्क उजेडात धरून बघत होते. बाहेर बोलणं ऐकू आलं. आर्वीहून आलेली एक नवी विद्यार्थिनी आहे आमच्याकडे, ती कुणाला तरी अडवत होती. मी काचेतून बघितलं तर दारात मॅडम. खांद्याला कापडी पिशवी. नदीचा पूल त्यांच्या वाटेवरच आहे, आणि सवय काही निवृत्त झालेली नाही.

"काकू, पिशवीत काय आहे?" मुलीनं विचारलं.

"पाणी. नदीचं."

"मंग आज आत नाही जाता येत तुम्हाले."

मी दाराकडे जायला वळले आणि थांबले. मॅडमनी विचारलं होतं, "काहून?"

त्या मुलीनं सांगितलं. मारायची खोली, पोसायची खोली, सगळं नीट, आईला सांगावं तसं. मग म्हणाली, इथं फार आधी एक मॅडम होत्या, त्यांच्या कानाला पेन असायचा. त्या पेनामुळे सगळ्यांचे जंतू मेले. कुणाचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं, तरी सगळ्यांसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, मी केलं.

मॅडम ऐकत होत्या. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. त्यांनी विचारलं, "मंग? लोक काय म्हणाले त्या बाईले?"

"ते मले माहीत नाही काकू," मुलगी म्हणाली. "पण आमच्या मॅडम म्हणतात, आपली लॅब तिथून सुरू होते."

मॅडमनी मान वर केली आणि काचेतून मला बघितलं. मी बाहेर गेले नाही. आतून हातातला फ्लास्क काचेला लावला. त्यांनी पिशवीतून काळा चष्मा काढला, नाकावर चढवला आणि वाकून बघितलं. ताकासारखा गढूळ होता. बोटाच्या पेरानं त्यांनी काचेवर दोनदा टकटक केलं. मग त्या मुलीकडे वळल्या.

"उद्या येतो," त्या म्हणाल्या. "आंघोळ करून."